शेवंताबाईची ज्वारी वाढली

अन्याय झाला तो सुलतानपूरच्या शेवंताबाईवर. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी. गुलाबी बोंडअळीनं आमची कपाशीची पऱ्हाटी आतून पोखरली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. वेळ एवढी नेमकी सांगता येते, कारण ती मोबाईलनं स्वतःच नोंदवून ठेवली आहे. अन्याय करणाऱ्याचं नावही त्याच नोंदीत आहे. ते माझं आहे.

मी आधी शेतकऱ्यांच्या एका संघटनेत पत्रकं लिहायची; तिथं मला शिकवणारे दादा सांगायचे, पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला ते लिही आणि कधी झाला ते लिही. ‘काही शेतकऱ्यांवर’ असं लिहिलंस की वाचणारा म्हणतो, बरं झालं, मी त्यातला नाही. लिहिण्यातलं माझं शिक्षण एवढंच, ते मी इथंही पाळते आहे. या अंकाच्या संपादकांनी कळवलं होतं, ‘कामातले अनुभव लिहा, हलकेफुलके असले तरी चालतील.’ हलके आहेत, फुलकेही आहेत. पण नाव आधी.

माझं काम काय ते सांगते, कारण माझ्या वडिलांनाच ते अजून पटलेलं नाही. चिखलीत त्यांचं पंक्चर काढायचं दुकान आहे. ते गिऱ्हाइकासमोर मला विचारतात, “प्रश्न इचाराचे पैसे भेटते तुले? मंग मी उत्तर द्याचे घेत जाऊ का?”

मी मोबाईलवरच्या सर्वेक्षणाचे प्रश्न तयार करते. कागदी फॉर्म सगळ्यांना सगळंच विचारतो. खाली बारीक अक्षरात ‘नसल्यास प्रश्न चौदावर जा’ असं लिहिलेलं असतं आणि चौदावर कुणी जात नाही. मोबाईलवरचा फॉर्म तुमचं एक उत्तर ऐकतो आणि पुढचं काय विचारायचं ते त्यावरून ठरवतो. एसटीचा कंडक्टर आठवा. तो आधी ‘कुठं?’ म्हणतो, मग बाकीचं. मिशीवाल्याला तो ‘हाफ का?’ असं विचारत नाही. कडेवर लेकरू दिसलं तरच ‘किती वर्षांचं?’ म्हणतो. आमच्या ऑफिसात याला आम्ही ‘उडी’ म्हणतो. ‘बैल आहे का?’ याला ‘नाही’ म्हटलं की चाऱ्यापाण्याचे चार प्रश्न ओलांडून फॉर्म पुढं उडी मारतो. उडी नीट लागली तर समोरच्याला वाटतं, या पोरीनं आपलं ऐकलं. चुकली तर माणूस खड्ड्यात जातो आणि वरून मोबाईल म्हणतो, ‘धन्यवाद’.

उडी लिहायला मिनिटभर लागतं. ती चुकली हे कळायला कधीकधी हंगाम जातो.

पत्रकातून या कामात आले तेव्हा मला वाटलं होतं, हे सोपं आहे. पत्रकात आपण बोलतो, इथं लोक बोलतील. पण पत्रक वाचून माणूस निदान शिव्या तरी देतो. फॉर्मला शिवी द्यायला जागा नसते. तिथं तीन बटणं असतात, आणि तुमचं जे काही म्हणणं असेल ते त्या तिनात बसवावं लागतं.

जळगाव जामोदकडच्या एका गावानं मला पहिला धडा दिला. पहिलाच प्रश्न होता, ‘तुम्ही बीटी बियाणं लावता का?’ बीटी म्हणजे ज्या कपाशीच्या झाडातच बोंडअळीला मारणारं औषध असतं ती. निदान सुरुवातीची काही वर्षं अळी मरायची, मग गुलाबी अळी त्याला जुमानेनाशी झाली. ‘हो’ म्हटलं की अळीचे प्रश्न, ‘नाही’ म्हटलं की उडी थेट देशी बियाण्यावर. त्या गावातून एकामागोमाग एक ‘नाही’ आले. सगळे ‘नाही’. आमच्या पुण्याच्या ऑफिसातल्या समीर सरांचा फोन आला, आवाज नुसता उड्या मारत होता. “अगं, सातपुड्याच्या पायथ्याशी एक अख्खं गाव बीटीमुक्त आहे! आपण तिथं फिल्म करायला हवी.”

मी जीपनं गेले. गाव यायच्या आधीच वावरावावरात, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काठीला टोचलेली बियाण्याची रिकामी पाकिटं दिसायला लागली. कोणतं वाण कुठं लावलं ते लक्षात राहावं म्हणून लोक तशी टोचून ठेवतात. सगळी बीटीची. पारावर एक आजोबा बसले होते, त्यांना विचारलं, “आबा, तुमच्या गावात बीटी लावत नाहीत?”

“बीटी?” आजोबांनी टोपी सारखी केली. “आमच्या गावात बीटी एकच होते, वानखडे गुरुजी. बी.ए., बी.टी., मास्तरकीची डिग्री होती त्याहिची. रिटायर झाले, आता पोराकडं अकोल्याले राह्यतात. त्याहिले काय लावाचं?”

“मग हे वावरात काय लावलंय?”

“हे? हे पाकीट. पाकिटाची सरकी.”

“आबा, या पाकिटातच बीटी असते.”

“मंग पाकीट म्हण ना, माय. गुरुजीले काऊन मधात आणतं?”

फिल्म राहिली. तो प्रश्न मी बदलला आणि बटणाच्या जागी पाकिटाचा फोटो टाकला. त्या आजोबांचा मला कधीच राग आला नाही, उलट कुठं ‘बी.टी.’ अशी अक्षरं दिसली की डोळ्यासमोर गुरुजींना वावरात ओळीनं लावलेलं दिसतं.

दुसरा धडा चिखली तालुक्यातलाच. भाजीपाला पिकवणारे किसनकाका, पाठीवर फवारणीचा पंप, पंपातून पाणी गळतंय, शर्ट ओला. तिसरा प्रश्न होता, ‘फवारणी करता का?’

“नाही,” काका म्हणाले.

“काका, पाठीवर काय आहे?”

“पंप.”

“मग?”

“तू ‘नाही’ लिही वं. ‘हाव’ म्हटलं का तुहा मोबाईल अकरा गोष्टी इचारते. काल आमच्या साडूले अर्धा घंटा धरून ठेवलं. आता साऱ्यायले माहीत हाये, तिसऱ्या प्रश्नाले ‘नाही’ म्हणा अन् आपल्या कामाले लागा.”

मी रागारागानं शोध घेतला, साडूच्या गावाला ही युक्ती कुणी शिकवली. निघाला आमचाच सर्वेक्षक. त्याला घरी लवकर जायचं असायचं, म्हणून लोकांना आधीच सांगून ठेवायचा, ‘तिथं नाही म्हणा, मीही सुटतो, तुम्हीही सुटता.’ त्याच्यावर ओरडले, पण खरं तर ओरडायला हवं होतं मी स्वतःवर. खरं बोललं की शिक्षा आणि खोटं बोललं की सुट्टी, असा फॉर्म मीच लिहिला होता. अकराचे तीन प्रश्न केले. पुढच्या वेळी किसनकाकांनी ‘हाव’ म्हटलं आणि वर विचारलं, “बस, इतकंच? आता तू आळशी झाली.”

एवढ्या धड्यांनंतर मला वाटायला लागलं होतं की आपल्याला हे काम आलं. अशा वेळी सुलतानपूर येतं.

बोंडअळीच्या त्या हंगामानंतर एका देणगीदार मंडळानं आमच्याकडं काम दिलं. कपाशी गेलेल्या आणि घरात धान्य न उरलेल्या कुटुंबांना पोतंभर ज्वारी द्यायची आणि सोबत सरळ वाणाच्या सरकीची पिशवी. सरळ वाण म्हणजे ज्याची सरकी यंदा राखून ठेवली तर पुढच्या मृगाला तीच पुन्हा लावता येते. पाकिटाचं तसं होत नाही, दरवर्षी नवं आणावं लागतं. ज्वारी आणि पिशवी कुणाला, हे ठरवणार होता आमचा फॉर्म. म्हणजे मी.

शेवंतामावशीला मी आधीपासून ओळखत होते. साठीच्या पुढची, उंच, आवाज असा की तिनं हाक मारली तर दोन वावरांपलीकडचा परका माणूससुद्धा ‘ओ’ देईल. नवऱ्याला कमी दिसतं, त्यामुळं वावर तीच पाहते. आमच्या संघटनेची त्या गावात सभा झाली तेव्हा बायकांमधून पहिली ती उठली होती. “माह्या सासूनं मले सरकी देल्ती,” ती म्हणाली, “लुगड्याच्या पदरात बांधून. म्हणे पोरी, हे जपजो. मी पाकिटाच्या नादी लागली अन् ते सरकी घालवून बसली. आता मले माही सरकी पाह्यजे. दर साली दुकानात जाऊन ‘दे रे बाबा’ म्हणनं मले नाही जमत.” टाळ्या पडल्या. मी ते वाक्य जसंच्या तसं पत्रकात छापलं होतं. म्हणजे तिला काय हवं होतं ते मला पाठ होतं.

त्या गुरुवारी मी स्वतःच गेले. नवा फॉर्म आधी आपल्या हातानं भरून पाहायचा, असा माझा नियम. मावशी दारापुढं बसून मिरच्यांची देठं खुडत होती. मी समोर बसले. मोबाईल हातात घेतला. इथंच माझी मान खाली गेली आणि शेवटपर्यंत वर आली नाही.

“मावशी, घरातली ज्वारी मागच्या सालापेक्षा वाढली, घटली, का तेवढीच आहे?”

डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, मावशीनं आत देवाच्या कोनाड्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “वाढली वं पोरी. कव्हाचीच वाढली.”

मी ‘वाढली’ दाबलं. फॉर्मनं उडी मारली.

“कारण काय असेल?”

“पाण्यापावसाचं काय सांगा, माय. त्याच्या मनात आलं तसं.”

मी ‘अनुकूल पाऊस’ दाबलं.

“ज्वारी कशात ठेवता?”

“कोठीत. मातीची हाये. माह्या सासूच्या हातची.”

‘कोठी’. ‘धन्यवाद’.

“झालं?” मावशी म्हणाली.

“झालं.”

“लवकरच झालं वं. हुशार हाये तुहा मोबाईल.”

मग तिनं मला गुळाचा काळा चहा दिला आणि मी पुढच्या घरी गेले. जेवून जा, असं ती म्हणाली नाही. शेवंतामावशी, जिनं सभेच्या दिवशी आम्हा सात जणांना हाताला धरून पानावर बसवलं होतं, ती दुपार व्हायला आलेली असताना ‘जेवून जा’ म्हणत नाही! हे उत्तर तिनं न विचारता दिलं होतं. माझ्या फॉर्ममध्ये त्याला बटण नव्हतं.

यादी लागली. दुसऱ्याच दिवशी फोन.

“काऊन वं पोरी, माहं नाव नाही?”

मी तिची नोंद उघडली. “मावशी, तुम्हीच म्हणाल्या ना, ज्वारी वाढली म्हणून?”

“हाव. म्हटलं ना.”

“मग?”

“मंग काय मंग? वाढली म्हून त पाह्यजे!”

“अहो, ज्यांची वाढली त्यांना कसं देणार?”

“म्हंजे ज्याची कोठी भरून हाये त्याले देता? कोण्या गावचा न्याय हाये हा?”

तिला वाटलं मी उलट्या डोक्याची आहे, मला वाटलं ती हावरी आहे. हो, वाटलं. एवढ्या वर्षांची ओळख, आणि मोबाईलमधल्या एका शब्दापुढं मी तिला खोटं ठरवलं. तिनं फोन ठेवला, आणि मला तिचाच राग आला. हे लिहिताना लाज वाटते, पण पत्रकात दुसऱ्यांची लाज काढणाऱ्यांनी आपली झाकू नये.

आमचं चिखलीचं ऑफिस म्हणजे जुबेदाआपाच्या बांगड्यांच्या दुकानामागची खोली. ये-जा दुकानातूनच. मी बाहेर येऊन स्टुलावर डोकं धरून बसले. आपा एका नवरीच्या हातात चुडा भरत होती.

“कायकू सर पकडके बैठी गे?”

मी सगळं सांगितलं. वर म्हटलं, “खुद बोली, आपा. ज्वारी वाढली. मैंने खुद सुना.”

एवढ्यात नवरीच्या हातात एक बांगडी तडकली. त्या दुकानात रोज पाच-दहा तडकतात, कुणी वळूनही बघत नाही. नवरीची आई सहज म्हणाली, “वाढली का वं? जाऊ दे, दुसरी घाल.”

आपानं काचेचे तुकडे गोळा केले आणि माझ्याकडं पाहिलं. “सुना? बांगडी वाढली. अब इसकी एक की दो हो गई क्या?”

मी उठून उभी राहिले.

“मैं शाम कू दुकान बढाती हूँ,” आपा पुढं म्हणाली, “तो क्या दुकान बडी होती? बढाती बोले तो बंद करती. ‘बंद’ मुँह से नहीं निकालते. तेरी मावशी की ज्वारी बढ गई गे, पगली. पूरी बढ गई.”

माझ्या आईनं जन्मभर ‘तेल वाढलं’ म्हटलंय. मी लहानपणी ‘मीठ संपलं’ म्हणाले तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता, म्हणे वास्तू तथास्तु म्हणते. घरात ‘संपलं’ म्हणायचं नाही, हे मला चालायला शिकण्याच्या आसपास कळलं असेल. आणि या जिल्ह्यातल्या पोरीनं या जिल्ह्यातल्या बाईला, या जिल्ह्यातल्या भाषेत प्रश्न विचारला आणि उत्तर समजलं नाही, कारण हातात मोबाईल असताना मी घरच्या कानानं ऐकतच नव्हते. कोठीत दाणा नसलेली बाई देवासमोर ते तोंडातून काढत नव्हती. मी तिच्या त्या मर्यादेवर उडी लावली आणि तिला सुखी माणसांच्या रांगेत उभं केलं.

समीर सरांना फोन लावला.

“डेटा लॉक झालाय गं,” ते म्हणाले. आमच्या धंद्यात यादी पक्की झाली की असं म्हणतात, आता कुणी हात लावायचा नाही.

“मग कुलूप उघडा.”

“एका बाईसाठी?”

“एका शब्दासाठी. ‘वाढली’ म्हणालेल्या जेवढ्या म्हाताऱ्या बायका आहेत तेवढ्या सगळ्यांसाठी. नाही उघडलं तर मी आपल्याच विरोधात पत्रक काढते.”

“आणि त्यात लिहिशील काय? फॉर्म तू लिहिलास. हा तर भरलाही तूच आहेस.”

“तेच लिहीन. पहिल्या ओळीत.”

सरांनी फोन ठेवला. माणूस वाईट नाही, फक्त त्यांच्या टेबलावर ज्वारी म्हणजे एक रकाना असते. तासाभरानं त्यांचाच फोन आला. “आईला विचारलं. ती म्हणाली, अरे, आपणही कुंकवाचा करंडा रिकामा झाला की कुंकू वाढलं म्हणतो, तुला माहीत नाही? उघडतो मी यादी.” तेव्हा पुण्याला शिव्या द्यायची माझी तयारी वाया गेली. शब्द पुण्यातही होता, चिखलीतही होता, सगळ्यांच्या घरात होता. फॉर्ममध्ये तेवढा नव्हता.

‘वाढली’ दाबलेल्या नावांची पानभर यादी निघाली. मी आणि आणखी दोघींनी बसून फोन लावले. आता प्रश्न एकच, बटणं नाहीत: “आजपासून किती दिवस पुरेल एवढी ज्वारी घरात आहे?” कुणी म्हणालं, खरंच वाढलीय, सांगा कुणाला द्यायची असेल तर. पण म्हाताऱ्या बायकांची उत्तरं वेगळी होती. “उद्यापर्यंत.” “शेजारणीची हाये, माही नाही.” एक जण नुसतीच हसली आणि म्हणाली, “तू इचारलं तव्हाच वाढली होती ना माय, दोन दोनदा काय वाढन?”

हे सगळं होईपर्यंत वाटपाचा दिवस आला. ज्वारीची पोती जास्तीची आणली होती, ती नव्या नावांना मिळाली. सरकीच्या पिशव्या मात्र पहिल्या यादीइतक्याच मोजून आल्या होत्या. मंडळ म्हणालं, हे बियाणं असं आयत्या वेळी मिळत नाही, पुढच्या साली बघू.

शेवंतामावशी रांगेत उभी होती. पोतं तिच्या नावावर टेकवलं गेलं. तिनं पोत्याकडं पाहिलंही नाही.

“अन् सरकी?”

गाडीवरचा माणूस म्हणाला, “मावशी, बियाणं संपलं.”

“संपलं म्हणू नको रे बाबा, धान्याच्या गाडीपुढं उभा राहून,” मावशी म्हणाली. “वाढलं म्हण.”

सगळी रांग हसली. मावशीही हसली. मला हसता आलं नाही, आणि ते तिनं पाहिलं. जवळ येऊन माझ्या पाठीत एक धपाटा घातला. “रडतं काऊन वं? तुहा मोबाईल बहिरा निघाला त तू काय करशीन?”

मी म्हणाले, मोबाईल बहिरा नव्हता, मावशी, मी होते. ती म्हणाली, “तेही खरंच.” तिनं मला माफ केलं असं मी समजत नाही. चूक माझी होती, हे तिनं फक्त लपवलं नाही.

तिच्या शेजारच्या घरातली कमल, तिचा फॉर्म मी त्याच सकाळी भरला होता. तिचीही कोठी तेवढीच रिकामी. पण कमल शाळेत शिकलेली, फॉर्म भरायची सवय असलेली, तिनं ‘घटली’ म्हटलं आणि पिशवी तिच्या हातात आली. तीच कमल आपली पिशवी घेऊन मावशीच्या दारात गेली आणि मावशीच्या पदरात ओंजळभर सरकी टाकली. “बाई, मले इतकी नाही लागत,” म्हणाली. लागत होती. पिशवी काय, दोन एकरांचीही नव्हती.

बाकीच्या वावरात मावशीला त्या साली परत पाकीटच लावावं लागलं. दुकानात जाऊन ‘दे रे बाबा’ म्हणावं लागलं. तो एक हंगाम मी तिच्याकडून हिरावला, आणि हंगाम परत करता येत नाही. ओंजळीतल्या सरकीची तिनं दोनच तासं, दोन ओळी, लावली, तीही तुरीच्या पट्ट्याच्या पलीकडं, पाकिटाच्या पऱ्हाटीचा वारा लागू नये म्हणून. मी दर महिन्याला जायची. मावशी त्या दोन ओळींतून मला असं फिरवायची, जसं कुणी नवी सून दाखवावी. वेचणी झाली तेव्हा तिनं त्यातल्या निवडक, भरलेल्या बोंडांचा कापूस हातानं सोलला, सरकी राखेत घोळली आणि गाडग्यात भरून वरून तोंड शेणानं लिंपलं. पुढच्या मृगाला पिशवीभर झाली नाही. पण ओंजळीच्या दोन ओंजळी झाल्या, आणि त्यातली एक कमलच्या घरी गेली.

आता माझा कुठलाही नवा फॉर्म आधी सुलतानपूरला जातो. मावशी मिरच्या खुडत, नाहीतर तूर निवडत ऐकते आणि एकेका प्रश्नाची सालं काढते. ‘कुटुंबप्रमुख कोण?’ “घरी असन तो.” ‘शेतीचे निर्णय कोण घेतं?’ “घ्याले मी, सांगाले बुढा.” ‘समाधानी आहात का?’ यावर तिनं हातातलं काम खाली ठेवलं आणि ती म्हणाली, “हे कोणं लिवलं? त्याले माह्याकडं पाठव.” ते मीच लिहिलं होतं. खोडलं.

आणि एक गोष्ट मी फॉर्ममध्ये घातली, जिच्यावरून ऑफिसात अजून भांडणं होतात, कारण तिच्यामुळं प्रत्येक मुलाखत लांबते. कुठलीही उडी मारायच्या आधी मोबाईल थांबतो आणि भरणाऱ्याला सांगतो: समोरच्याला वाचून दाखव. शब्द वाचू नको, अर्थ वाच. ‘मावशी, तुम्ही म्हणालात, घरात मागच्या सालापेक्षा जास्त ज्वारी आहे. बरोबर?’ त्या गुरुवारी मी एवढं एकच वाक्य बोलले असते तर मावशीनं मिरच्यांची टोपली माझ्या अंगावर ओतली असती, आणि सरकी तिच्या घरात असती.

आता मागणी, आणि ती तुमच्याकडं आहे, हा अंक हातात घेऊन बसलेल्या तुमच्याकडं. येत्या महिन्याभरात कुणी तरी तुम्हाला काही विचारेल आणि स्क्रीनवर काही दाबेल. बँकेत, दवाखान्यात, पोराच्या शाळेत, रेशनच्या दुकानात, दारात. तो ‘झालं’ म्हणेल. तुम्ही उठू नका. त्याला म्हणा, “काय लिहिलंस ते वाचून दाखव. माझ्या भाषेत, पूर्ण वाक्यात.” तो म्हणेल मागं रांग आहे, म्हणेल नेट गेलंय, म्हणेल तुम्हाला नाही कळणार. बसून राहा. आणि तुमच्या घरातल्या म्हातारीला कुणी प्रश्न विचारत असेल आणि तुम्ही मधूनच तिच्या वतीनं उत्तर देत असाल, तर तोंड बंद ठेवा. तिला बोलू द्या. तिचं वाक्य तिला परत ऐकवायला लावा. ती ‘हाव, हेच म्हटलं मी’ म्हणेपर्यंत कुणालाही बटण दाबू देऊ नका.